गॅस संपत नाही, गळतो

गाडीचा एसी गरम हवा फेकतो म्हणून येणारं गिऱ्हाईक स्वतःच आधी तापलेलं असतं. त्याला खुर्ची द्यायची, टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचा आणि त्याचं बोलून होईपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही. चेन्नईत हा नियम मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकलो. तिथला उन्हाळा फेब्रुवारीत येतो आणि ऑक्टोबरात पाऊस येईपर्यंत मुक्काम ठोकतो, त्यामुळे शिकायला सवड भरपूर मिळते.

मी गाड्यांच्या एसीचा मेकॅनिक. मूळचा बार्शीचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन केलं, पुण्यात सात-आठ वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात काढली आणि दोन हजार सालाच्या आसपास चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात लागलो. तिथे गाड्यांच्या एसीचे पाइप बनत. अडीच-तीन वर्षांत तिथलं कंत्राट संपलं. पुण्याला परत जाऊन पुन्हा कुणाच्या हाताखाली उभं राहायचं जिवावर आलं होतं, म्हणून अण्णा नगरच्या एका आडगल्लीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि माझं स्वतःचं दुकान टाकलं. बायको, सुनंदा, बार्शीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी पक्की होती, माझं दुकान नवं होतं. घरात एकाचा पगार खात्रीचा असलेला बरा, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ती आणि मुलगी तिकडे, मी इकडे. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे असं तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात नऊ वर्षं गेली.

आता थोडं धंद्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लोकांना वाटतं एसी गारवा तयार करतो. तसं काही नसतं. एसी गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालीच ती. ही हमाली करतो गॅस. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते, तो कंडेन्सर, तिथे वाऱ्यावर तो निवतो. मग एका बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये सुटतो आणि सुटताना गार पडतो. त्या कॉइलवरून पंख्याने हवा मारली की तुमच्या तोंडावर गार वारा. गॅस परत कॉम्प्रेसरकडे. वर्षानुवर्षं तोच गॅस तिथेच फिरत राहतो. पेट्रोलसारखा तो जळत नाही, त्यामुळे संपतही नाही. कमी झाला असेल, तर कुठून तरी गळला.

पण गिऱ्हाइकाला वाटतं गॅस संपतो, आणि आमच्यातले निम्मे लोक त्याला तसंच वाटू देतात. गॅस भरायचा, हात झटकायचे, तीन महिन्यांनी तीच गाडी पुन्हा दारात. मला याची मनापासून चीड होती. पुण्यात एकदा गळती न शोधता गॅस भरला म्हणून माझ्या उस्तादांनी मला दिवसभर गॅरेज झाडायला लावलं होतं. त्या दिवसापासून मी साबणाच्या पाण्याची बाटली हाताशी ठेवतो. सांध्यांवर ते पाणी सोडायचं. जिथे बुडबुडा फुगतो तिथे चोर. आधी गळती, मग गॅस, असं मी गिऱ्हाइकाला बजावून सांगत असे. घाई असलेलं गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं तरी चालेल, एवढा माझा तोरा होता.

आणि गरम हवेचं कारण दर वेळी गॅसच असतं असंही नाही. एक वकील यायचे. त्यांची गाडी चालती असली की एसी थंडगार, सिग्नलला उभी राहिली की गरम. तीन ठिकाणी गॅस भरून झाला होता. घरच्यांनी गाडीला दृष्ट लागली म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधली होती. मी म्हटलं, चला, बसतो तुमच्याबरोबर. अण्णा नगरहून नुंगंबाक्कमपर्यंत गेलो. तिसऱ्या सिग्नलला खाली उतरून बॉनेटपाशी कान लावला. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. गाडी पळताना वारा आपोआप लागे, थांबली की कंडेन्सर जागच्या जागी भाजून निघे. पंख्याची मोटर बदलली, वकील खूश. लिंबू-मिरची मात्र त्यांनी काढली नाही.

दुसरा एक टॅक्सीवाला, मुरुगेशन. आयुधपूजा झाल्यावर दोन दिवसांनी ओरडत आला, "सूडा कात्तु वरुदु!" गरम वारा येतोय. बघतो तर गाडीच्या तोंडावर झेंडूचा असा जाड हार की जाळीचा एक चौकोन दिसेना, वर दोन्ही बाजूंना केळीची पानं. कंडेन्सरला वारा लागणार कुठून? मी म्हटलं, हार काढ. तो म्हणाला, देवाचा हार, तो आपण होऊन पडेल तेव्हा पडेल. मागे बांधू म्हटलं तर देव मागे बसवतात का, म्हणून माझ्यावरच चिडला. अर्धा तास वाटाघाटी झाल्या. शेवटी हार टपावरच्या कॅरिअरला गेला. देव उंचावर गेला, कंडेन्सरला वारा मिळाला, कुणाचीच तक्रार राहिली नाही.

हे किस्से आज सांगतो तेव्हा लोक हसतात. तेव्हा ते सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. तमिळ मला पोटापुरतं येत असे. त्यात भाव करता येई, भांडता येई, पण कुणाला हसवता येत नसे. मुरुगेशनच्या हाराची गोष्ट मी शेजारच्या टायरवाल्याला सांगून पाहिली. त्याने गंभीरपणे विचारलं, "मग हार कुठे आहे आता?"

रविवारी सुनंदाला फोन करायचो. आठवडाभर मनात तिला सांगायच्या गोष्टी साठवून ठेवायच्या आणि फोनवर मात्र गॅस सिलिंडर, मुलीचा खोकला, आईच्या गोळ्या एवढंच व्हायचं. "जेवलात का?" ती विचारायची. मी हो म्हणायचो. फोन ठेवला की राहिलेलं सगळं आठवे. मग सोमवार ते शनिवार मराठी बोलायचं तर ते नट-बोल्टांशी. गंजलेला नट सुटत नसला की मी त्याला "सुट बाबा एकदाचा, किती अंत पाहतोस" असं अगदी आर्जवाने म्हणत असे. एकटेपणाची कीव करून घ्यायला मला आवडत नाही, पण खरं ते सांगतो. कधी कधी दुपारी शेडमध्ये मी एकटा असताना मोठ्याने एखादं वाक्य बोलून बघायचो. माझा आवाज मराठीत कसा लागतो तेवढंच ऐकायला.

अशात एका फेब्रुवारीत गोविंदराव आले.

सत्तरीचे गृहस्थ, पांढरा बुशशर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ, पांढरी छोटी गाडी स्वतः चालवत आलेले. एसी गार करत नाही, असं त्यांनी स्वच्छ, मऊ तमिळमध्ये सांगितलं. चिडलेले अजिबात नव्हते. मी त्यांना पंख्यासमोर बसवलं. माझ्या भिंतीवर बार्शीहून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं, तिथी-वारांचं. ते त्याच्याकडे बघत राहिले. जवळ गेले, बोटाने एक-एक अक्षर वाचलं आणि वळून म्हणाले, "तुम्ही आमच्या भाषेचे काय?"

मला क्षणभर कळलंच नाही ते कुठल्या भाषेत बोलले. शब्द मराठी, हेल तमिळ. मग डोक्यात प्रकाश पडला आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

ते तंजावरकडचे. "आमचे वाडवडील इकडं आले त्याला अस्कं मिळून तीनशें वर्षं झालीं म्हणतात," ते म्हणाले. "गांव कुठलं तें कुणाला ठाऊक नही." अस्कं म्हणजे सगळं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मुलगा सिंगापूरला. "त्याला ऐकून कळतें, बोलतां येत नही. घरीं आतां ही आणि मी, दोघेंच आपलीं बोलतों." ही म्हणजे त्यांची बायको, अंबूबाई.

मी गेज लावले. गॅस जवळजवळ नव्हता. आतली हवा पंपाने खेचून काढली, बुडबुडा यायला आत दाब लागतो म्हणून गॅस भरला आणि साबणाचं पाणी घेऊन बसलो. तोवर काका (दुसऱ्या वाक्यापासून मी त्यांना काका म्हणायला लागलो होतो) माझ्या एकेका वस्तूकडे बोट दाखवत होते. "ह्याला तुमच्याकडं काय म्हणतां?" पाना. "ह्याला?" फडकं. "फडकं!" ते लहान मुलासारखे हसले. "माझी आजी म्हणत होती. किती वर्षांनीं ऐकलों." कोपऱ्यावरून त्यांनी दोन कॉफ्या मागवल्या. मी त्यांना मुरुगेशनच्या हाराची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या शेडमध्ये मी कुणाला हसवल्याची ती पहिली वेळ.

तेवढ्यात मला चोर सापडला. गॅस भरायच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबला असतो तसा एक वॉल्व्ह असतो, त्यात नखाएवढी पिन. त्या पिनेच्या टोकावर एक बुडबुडा सावकाश फुगत होता. फुगला, फुटला, बऱ्याच वेळाने दुसरा आला. अगदी बारीक गळती. वरून टोपण बसवलं की आणखी कमी होणार, पण थांबणार नाही. दोनेक महिन्यांत गाडी पुन्हा रिकामी.

नव्या पिना एका डबीत माझ्या हाताशी होत्या. पाच मिनिटांचं काम. हात डबीकडे गेलाही. काका तेव्हा सांगत होते की त्यांच्या घरी संक्रांतीला काय करतात. माझा हात मागे आला. मी वॉल्व्हवर टोपण घट्ट बसवलं, फडक्याने साबण पुसला आणि म्हणालो, "गॅस कमी झाला होता, काका. भरला. दोन-अडीच महिन्यांनी एकदा दाखवून जा."

पहिल्या वेळी मी स्वतःला समजावलं की पिन बदलायची तर आत्ताच भरलेला गॅस पुन्हा काढावा लागला असता. दुसऱ्या वेळी ते कारणही नव्हतं. एप्रिलच्या शेवटी ते आले तेव्हा गाडी रिकामीच होती, पिन एका मिनिटात बदलली असती. मी बदलली नाही. त्यांच्याकडून गॅसच्या किमतीपेक्षा जास्त मी कधी घेतलं नाही, म्हणजे पैशासाठी केलं असं कुणी म्हणू नये. पैशासाठी केलं असतं तर निदान धंद्याच्या रीतीत तरी बसलं असतं.

मग ते एक चक्रच झालं. ते गेले की मी कॅलेंडरवर पुढचे दहा आठवडे मोजायचो आणि त्या तारखेखाली पेन्सिलने एक टिंब द्यायचो. त्या सुमाराला त्यांच्या गाडीतला वारा गरम होणार आणि ते येणार. माझा अंदाज चार-पाच दिवसांपेक्षा जास्त कधी चुकला नाही. कुणाच्या गाडीचा एसी कधी बंद पडणार याची एवढ्या आतुरतेने वाट पाहणारा मेकॅनिक जगात दुसरा नसेल. टिंब जवळ आलं की मी दाढी करून दुकानात जायचो, जास्तीची खुर्ची पुसून ठेवायचो. रविवारी फोनवर सुनंदाला सांगायचो, या आठवड्यात बहुतेक काका येतील. "त्यांची गाडी फारच बिघडते हो," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, जुनी आहे.

ते आले की दीड-दोन तास बसत. मी गॅस भरण्याचं काम मुद्दाम सावकाश करी. ते त्यांच्या आजीचे शब्द सांगत, मी बार्शीच्या बाजाराच्या गोष्टी सांगे. ते महाराष्ट्रात एकदाच गेले होते, कसल्याशा ऑफिसच्या कामाला, दोन दिवस. "तिथं मी बोललों तर लोक हसले," ते म्हणाले. "मग मी इंग्रजी बोललों. तुम्ही हसत नही." मी सांगितलं, इथे माझ्या तमिळला सगळे हसतात, मी कुठल्या तोंडाने हसू? त्यावर ते पुन्हा डोळे पुसेपर्यंत हसले. स्वतःच्या घरचं मात्र ते फारसं बोलत नसत. काकू कशा आहेत विचारलं की "आहे," एवढंच म्हणत आणि विषय बदलत. बरी आहे म्हणायचं असेल, असं मी धरून चाललो. गाडी ते देवळाला, बाजाराला वापरत असतील, असंही मीच धरलं होतं. उन्हाचं गार हवेशिवाय बसावं लागलं तर म्हाताऱ्या माणसाला थोडा घाम येईल, दुसरं काय, असा हिशेब मी मनाशी करून टाकला होता.

दुसऱ्या वर्षीचा मे महिना. चेन्नईत तेव्हा तीन-साडेतीन आठवडे असे तापतात की त्यांना वेगळं नावच आहे, कत्तिरी. या दिवसांत शेडचा पत्रा इतका तापे की दुपारी बारा ते तीन मी काम बंद ठेवत असे. तीन वाजून गेले होते. ओळखीचा हॉर्न वाजला आणि काकांची गाडी थेट शेडच्या आत आली. कॅलेंडरवरचं टिंब अजून बारा दिवस लांब होतं. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती आनंदाची होती, हे मला लिहायलाच हवं. काका लवकर आले, असं वाटलं.

मग मागच्या सीटवरच्या बाई दिसल्या. मान एका बाजूला टाकलेली, तोंडावर ओला रुमाल, डाव्या कोपराजवळ पांढरी पट्टी गुंडाळलेली. काका घाईने उतरले.

"शिंदे, मधेंच बंद पडला. एकदम," ते म्हणाले. "हिला आधीं खालीं उतरवूं."

आम्ही दोघांनी धरून काकूंना पंख्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. काका समोरच्या दुकानात बर्फ मिळतो का बघायला गेले. मी धावत जाऊन कोपऱ्यावरून शहाळं आणलं. काकूंनी डोळे उघडले आणि हाताने ते बाजूला केलं.

"मला चालत नही बाबा. पाणीही मोजून," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "किडनी गेल्या. आठवड्याला तीन वेळां डायलिसिस. परत येतांना अंगांत कांही राहत नही. एसी असला कीं डोळे मिटून पडतें, घर येतें. आज नुंगंबाक्कमच्या सिग्नलला भोवळ आली. ह्यांना वाटलं मी गेलेंच."

"कधीपासून, काकू?"

"दीड वर्ष झालं. तेवढ्यासाठींच गाडी ठेवली आहे. नहीतर ह्यांना ह्या वयांत गाडी कशाला?"

दीड वर्ष. म्हणजे माझ्याकडे पहिल्यांदा आले त्याच्याही आधीपासून. मी उभा होतो, हातात शहाळं.

"अस्के सांगतात, कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा," काकू म्हणाल्या. पंख्याने त्यांना जरा तरतरी आली होती. "हे ऐकत नही. म्हणतात, तिकडं आपला माणूस आहे. तुमच्याकडं आले कीं आठ दिवस हे बरे असतात. मला म्हणाले, तिथं जातों तेव्हां मी हें अस्कं विसरतों."

मी बॉनेट उघडलं. गॅस इतका उतरला होता की कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला होता. उन्हात पाइपातला दाब वाढतो, दाब वाढला की गळती वाढते. हे मला चांगलं ठाऊक होतं. दहा आठवडे मोजताना कत्तिरी मी हिशेबात धरली नव्हती.

मी उरलेला गॅस सोडला. बारीक किल्लीने जुनी पिन काढली, डबीतली नवी बसवली. आधी केलं असतं तेवढाच वेळ लागला. पंप लावला, पाऊण तास हवा खेचली, एक मिनिटही कमी केलं नाही. गॅस भरला. साबणाचं पाणी सोडून प्रत्येक सांधा दोनदा तपासला. एकही बुडबुडा नाही. इंजिन चालू ठेवून आत हात घातला तेव्हा बोटं गारठली. काकूंना उचलून मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काका माझ्या कामाच्या फळीपाशी आले. जुनी पिन तिथे फडक्यावर पडली होती. त्यांनी ती उचलली, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"हीच गळत होती काय?"

"हो."

"एवढी बारीक." ते जवळजवळ कौतुकाने म्हणाले. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस, चूक सापडली याचं त्यांना समाधान वाटत असावं. "मग आतांपर्यंत दिसली कशी नही?"

उत्तर तयार होतं. आत्ताच झिजली, काका, असं म्हणायचं. आमच्या धंद्यात रोज दहा वेळा म्हणतात आणि गिऱ्हाईक मान डोलावून घरी जातं. त्यांनीही डोलावली असती. दहा आठवड्यांनी नसते आले, पण दिवाळीला आले असते, सहज आले असते, कॉफी मागवली असती. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. पण मागच्या सीटवर त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

"दिसली होती," मी म्हणालो.

"केव्हां?"

"पहिल्या दिवशीच."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, आपल्याला नीट कळलं नाही. त्यांची मराठी आणि माझी मराठी यांत काहीतरी अडकलं असेल. म्हणून मी सगळं सांगितलं. पिन पाच मिनिटांत बदलता आली असती, मुद्दाम बदलली नाही, तुम्ही परत यावं म्हणून. इथे माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. काकूंचं मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं, आणि सांगतानाच ते किती पोकळ आहे हे कळलं. ते माहीत करून घ्यायला मी कधी नेटाने विचारलंच नव्हतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिन परत फडक्यावर ठेवली, जशी होती तशी. चष्मा खाली घेतला. इंजिन चालू होतं, पट्ट्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "वेल मुडिंजुदा?"

काम झालं का, एवढाच त्याचा अर्थ. कुठलंही गिऱ्हाईक विचारतं. पहिल्या दिवशी कॅलेंडर पाहिल्यानंतर ते माझ्याशी तमिळमध्ये एक शब्दही बोलले नव्हते.

"मुडिंजुदु, सार," मी म्हणालो. झालं, साहेब.

काकूंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. गाडी मागे घेताना त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, पट्टी नसलेला हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "येतें हां बाबा. बरं झालं तुम्ही आहां."

काका आरशात बघत होते. "काच वर घे," ते त्यांना म्हणाले. "गार बाहेर जातें."

ते मराठीत म्हणाले. माझ्यासाठी नव्हतं ते. काच वर गेली आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

त्यानंतर मी त्या शेडमध्ये आणखी चार वर्षं होतो. काकांचा पत्ता मला कधी नीट ठाऊक नव्हता, आणि असता तरी जायचं धाडस झालं नसतं. ती गाडी पुन्हा आली नाही. दुसऱ्या कुणाकडे नेत असतील असं सुरुवातीला मी स्वतःला सांगत असे. पण मला माझं काम कळतं. ती पिन नीट बसली होती. त्या गाडीला कुणाकडे जायची गरजच पडली नसणार.